विंगेची खोली : दौऱ्यावरच्या नृत्याविषयी

दहा-अकरा वर्षांपूर्वी एका नृत्यनाट्यावर मी परीक्षण लिहिले होते. कात्रण अजून फायलीत आहे. त्यातले एक वाक्य तेव्हा मला फार नेमके वाटले होते : मोठ्या शहरात जे अखंड असते ते आपल्यापर्यंत येताना तुकड्यांनी येते. वाचकांची पत्रे आली, दोघा-तिघांनी तेच वाक्य उचलून धरले. अलीकडे फाइल आवरताना ते पुन्हा वाचले आणि वाटले, हे वाक्य लिहिताना मी नृत्य पाहिले होते, पण जमीन पाहिली नव्हती. हा लेख म्हणजे त्या वाक्याचा उशिरा केलेला पंचनामा आहे.

प्रयोग छत्रपती संभाजीनगरातल्या एका नाट्यगृहात होता. संस्था महानगरातली. विषय सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण. दृश्यांची मांडणी अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली, अंग कथकचे, संगीत ध्वनिमुद्रित, नर्तक चौदा. आपल्याकडे अशा प्रकाराला जाहिरातीत सर्रास ‘बॅले’ म्हणतात. पायाच्या बोटांवर उभे राहणारे युरोपीय बॅले त्यात नसते. संवादाविना, समूहाने, एक कथा नृत्यातून सांगायची एवढ्यापुरता तो शब्द मराठीत रुळला आहे, आणि मलाही त्याची अडचण वाटत नाही.

या प्रयोगात एक जागा होती. सिद्धार्थ कपिलवस्तू सोडतो, तेव्हा त्याचा घोडा कंथक एका झेपेत नदी ओलांडतो. घोडा झालेला नर्तक मंचाच्या मागच्या कोपऱ्यातून तिरकी धाव घेऊन पुढच्या विंगेत झेपावतो. उडी प्रेक्षकांसमोर सुरू व्हायची आणि त्यांच्या नजरेआड संपायची, म्हणजे तो पैलतीरी पोचला असे आपण मनात धरायचे. त्या रात्री तो मुलगा धावत आला, उडाला, आणि विंगेच्या अलीकडेच उतरला. मग तीन पावले चालत आत गेला. मागच्या रांगेतून कुणीतरी हसले. माझ्या परीक्षणातला ‘तुकडा’ तो हाच. मी लिहिले, की दौऱ्यावर दुय्यम संच पाठवला असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रयोग शेजारच्या जिल्ह्याच्या गावी होता आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याही पुढच्या गावी. दोन्हीकडे माझी माणसे होती, कॉलेजला सुट्टी होती. परीक्षण छापायला देऊन झाले होते तरी मी गेले, आणि ते बरे झाले.

दुसऱ्या गावी सभागृहच नव्हते. कॉलेजच्या मैदानावर मंडपवाल्याने उभारलेला मंच, बाजूला कनाती. विंगा नव्हत्याच. कनात आणि मंच यांच्या मध्ये सात-आठ फूट काळोख. कंथक धावत आला आणि प्रकाशातून थेट त्या काळोखात गेला. प्रेक्षकांची डोकी त्याच्या मागोमाग वळली. कडेला बसलेली लहान मुले तर तो कुठे गेला ते बघायला उठून उभी राहिली. तोच मुलगा, तीच धाव, तेच ध्वनिमुद्रण. आता ते नदी ओलांडणे होते.

प्रयोगानंतर त्यांच्या ज्येष्ठ नर्तकीला भेटले. आदल्या दिवशी काय झाले ते विचारले. त्या म्हणाल्या, “ताई, तिथे विंगेच्या आत चार फुटांवर भिंत आहे, आणि भिंतीवर दिव्यांचे स्विचबोर्ड. मीच त्याला सांगितले, आत उडी मारायची नाही. दातबित पडले असते पोराचे.” मी त्या नाट्यगृहात कित्येक वर्षे जात होते. पाचव्या रांगेतली माझी आवडती खुर्ची मला ठाऊक होती. भिंत ठाऊक नव्हती.

नाटकवाल्यांना ही भिंत फारशी जाणवत नाही, कारण नट चालत आत जातो. आपली बहुतेक नाट्यगृहे गद्य नाटक डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत. दिवाणखान्याचा सेट मावला, माइक चालला, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला की काम झाले. नर्तकाचे गणित वेगळे आहे. धाव घ्यायला जागा लागते आणि वेग जिरवायलाही जागा लागते. ती दुसरी जागा प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून तिची मागणीही कुणी करत नाही.

आता थोडे मागे जाऊ. अजिंठ्यावरच्या ज्या कल्पनेचा हा प्रयोग होता ती नवी नव्हती. रशियन नर्तकी आना पावलोवा १९२२च्या हिवाळ्यात आपला संच घेऊन भारतात आली होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केले. नृत्यरचना इव्हान क्लुस्टिनची, संगीत निकोलाय चेरेपनिनचे, आणि विषय गौतमाचा गृहत्याग. त्याच सुमारास तिने ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’ हा कार्यक्रम बसवला. त्यातल्या राधा-कृष्णाच्या आणि हिंदू विवाहाच्या नृत्यांसाठी तिने चित्रकला शिकणाऱ्या एका तरुणाला हाताशी धरले. तो उदयशंकर. अजिंठ्याचे बॅले आज इतिहासात तळटीपेपुरते उरले आहे. त्या तरुणाने मात्र पुढे भारतीय नृत्याला समूहाची भाषा दिली.

१९२३मध्ये लंडनच्या प्रेक्षकांना अजिंठा म्हणजे काय दिसले असेल? तोवर युरोपात अजिंठा पोचला होता तो नकलांच्या रूपाने. मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळल्या. जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५च्या आगीत गेल्या. मग लेडी हेरिंगहॅम आली. तिच्याबरोबर नंदलाल बोस आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते, आणि त्या नकलांचे पुस्तक १९१५ साली निघाले. म्हणजे पावलोवाच्या मंचावर आला तो नकलेवरून बेतलेला अजिंठा. आणि आमच्या नाट्यगृहात आला तो त्याही नंतरच्या कित्येक नकलांतून फिरून, शंभर किलोमीटरवरच्या मूळ लेण्याच्या गावी परत आलेला अजिंठा. ‘अखंड’ नेमके कुठे होते, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारला नाही.

पावलोवाविषयी आणखी एक. तिच्याइतका दौरा त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. ती राजेशाही ऑपेराघरांत नाचली, संगीतबाऱ्यांच्या जातकुळीतल्या म्युझिक हॉलमध्ये नाचली, मेक्सिकोत तर बैलझुंजीच्या रिंगणात नाचली. तिचे जे नृत्य जगभर पोचले ते मरणाऱ्या हंसिणीचे. फोकिनने रचलेले, सॅं-सांच्या संगीतावरचे, जेमतेम काही मिनिटांचे. एकटी नर्तकी, सेट नाही, मोठी धाव नाही, आणि उडी तर नाहीच. बारीक पावलांची सरक, हात आणि पाठ. ते कुठल्याही मंचावर मावते. त्याच्या लोकप्रियतेची कारणे भावनेत शोधली जातात, आणि ती तिथे आहेतही. पण ते नृत्य विंगेकडे काहीच मागत नाही, हेही एक कारण आहे असे मला आता वाटते.

उलट दिशेचा एक दौरा त्याच्या फार आधी झाला होता. १८३८ साली पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासींचा एक छोटा संच पॅरिस आणि लंडनला गेला. पॅरिसमध्ये तेओफिल गोतिए या कवी-समीक्षकाने त्यांना पाहिले आणि त्यांतल्या अम्मणीवर भरभरून लिहिले. हाच गोतिए पुढे ‘जिझेल’च्या कथेचा एक लेखक झाला आणि १८५८ साली त्याने पॅरिस ऑपेरासाठी ‘शकुंतला’ लिहिली. १८७७ला सेंट पीटर्सबर्गमध्ये पेतिपाचे ‘ला बायादेर’ आले, त्यात भारतीय देवदासी आहे, पण बोटांवर उभी राहणारी. देवदासींचा हा दौरा फसला की जमला याची चर्चा करण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र लक्षात येते. ज्या नृत्याला देवळाची दगडी फरशी आणि समोर उभे राहून टाळ धरणारा नट्टुवनार लागतो, ते नृत्य पॅरिसच्या फळ्यांवर गेले, आणि पाहणाऱ्यांनी त्यातून स्वतःला हवे ते उचलले. दौऱ्यात नृत्याचे हेच होते. जिथे जाते तिथल्या जमिनीशी त्याला तह करावा लागतो.

आपल्या भागात हा तह करावा न लागणारी नृत्याची एकच फिरती संस्था आहे, आणि ती म्हणजे तमाशाचा फड. तंबूचा फड स्वतःच्या फळ्या, स्वतःचा मंच, स्वतःच्या कनाती ट्रकात घालून फिरतो. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा करतो, पण पायाखाली रोज तीच फळी असते. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीचा पाय कुठल्याही गावी तोच आवाज देत असे, कारण जमीन तिच्याबरोबर आलेली असे. आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्या संस्था पेहराव, मुकुट, सीडी आणि बॅनर घेऊन येतात. जमीन मात्र यजमानाची. अभिजाततेच्या उतरंडीत तमाशाला खालची पायरी देणाऱ्या आम्हा समीक्षकांनी एकदा तरी त्या फळीवर हात ठेवून पाहायला हवा होता.

आमच्या या शहरालगतच नृत्यावरचा एक थोर ग्रंथ लिहिला गेला, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत असे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव. घराणे काश्मिरातून आलेले, हुद्दा श्रीकरणाधिपाचा, म्हणजे हिशेबखात्याचा. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’चा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. महागामी गुरुकुल दर वर्षी शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह करते, त्यामुळे निदान नाव तरी शहराला ठाऊक आहे. त्या अध्यायात हिशेबनीसाची शिस्त दिसते. मार्गी आणि देशी वेगळे काढलेले. स्थानके, म्हणजे उभे राहण्याच्या रीती, वेगळ्या. चारी, म्हणजे पायाच्या हालचाली, वेगळ्या. आणि देशी करणांमध्ये उत्प्लुतिकरणे, म्हणजे उड्या, यांचा स्वतंत्र वर्ग. पात्राचे गुणदोष आहेत, आणि सभेत कोणी कुठे बसावे याचाही विचार आहे. भारतीय नृत्यात उडी परकी आहे, ती बॅलेतून आली, असे आपले काही शुद्धतावादी म्हणतात. देवगिरीच्या पायथ्याशी बसून असे म्हणणे जरा अवघडच आहे.

पण शार्ङ्गदेवाची मला खरी मदत झाली ती दुसऱ्या ठिकाणी. स्थानक आणि चारी हा भेद एकदा मनात बसला की, लेणी आणि नृत्य यांच्याविषयी आपण जे सवयीने बोलतो त्यातला घोटाळा दिसू लागतो. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर होत असे, नंतर तो सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. त्या आणि तशा मंचांवर मी अनेक मोठे कलावंत पाहिले, आणि निवेदकाचे एक वाक्य दर वेळी ऐकले : शिल्पे जिवंत झाली. होते काय, की नर्तकी शिल्पासारखी ठेवण घेते, दिवा तिच्यावर येतो, टाळ्या पडतात, आणि टाळ्या संपेपर्यंत ती थांबते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यातला नाचणारा शिव नीट पाहा. तो थांबलेला नाही. शिल्पकाराने दोन हालचालींमधला क्षण धरला आहे, आणि पुढची हालचाल आपल्याला आपोआप दिसते. आलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीने उदयशंकरांबरोबर १९३०च्या सुमारास भारतभर प्रवास केला. पुढे तिने लेण्यांतल्या शिल्पांच्या रचनेवर पुस्तक लिहिले, त्यात वेरूळच्या शिल्पपटांखाली दडलेली वर्तुळे आणि कर्णरेषा काढून दाखवल्या. तिची प्रत्येक सिद्धांतरेषा मला पटते असे नाही. पण दगडात आधीच गती आहे, हे तिने ओळखले. नर्तकी जेव्हा त्या गतीची ठेवण करून थांबते, तेव्हा शिल्प जिवंत होत नाही, उलट ते प्रथमच स्थिर होते.

त्या दौऱ्यावरच्या नृत्यनाट्याचा खरा दोष हाच होता, आणि तो माझ्या परीक्षणात नव्हता. पहिल्या अंकात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातले नर्तकीचे दृश्य होते, महाजनक जातकातले. चित्रात नर्तकी आहे, भोवती बासरी आणि ताल धरणाऱ्या स्त्रिया आहेत. मंचावर सगळ्याजणी आपापल्या ठेवणीत उभ्या राहिल्या आणि जवळजवळ अर्धा मिनिट तशाच राहिल्या. मला ते फार आवडले होते. ‘चित्र साकारले’ असे मी लिहिले. म्हणजे जिथे नृत्य बंद पडले तिथे दाद, आणि जिथे एका मुलाने भिंतीपासून स्वतःला वाचवले तिथे ताशेरे.

दौऱ्याच्या अडचणीतून चांगली कृती निघू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले. शांती बर्धन इप्टाच्या सेंट्रल स्क्वॉडमध्ये अंधेरीला होते. १९५२ साली त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. क्षयाने शरीर पोखरलेले असताना त्यांनी ‘रामायण’ बसवले, आणि १९५४ला ते गेले. गुल बर्धन, प्रभात गांगुली आणि सहकाऱ्यांनी संस्था चालू ठेवली. ती पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली. ‘रामायणा’त नर्तक माणसांसारखे नाचतच नाहीत. ते कळसूत्री बाहुल्या आहेत. चौकोनी मुखवटे, अदृश्य दोरीने उचललेले हात, सांध्यांत तुटलेली हालचाल. मी ते भोपाळला बऱ्याच उशिरा पाहिले, आणि पाहताना सारखी विंग मोजत होते. बाहुलीला खोल मंच लागत नाही. तिला तोंड प्रेक्षकांकडेच ठेवायचे असते. मुखवटा शेवटच्या रांगेला दिसतो, चेहऱ्यावरचा सूक्ष्म अभिनय दिसला नसता. धाव नाही, म्हणून वेग जिरवायची जागा नको. आणि अशोकवनातली सीता लाकडी असूनही, किंवा लाकडी म्हणूनच, पोटात कालवते. बर्धनांनी हे सगळे दौऱ्यासाठीच योजले असा माझा दावा नाही. पण ही कृती गावोगावी आणि देशोदेशी फिरूनही तुटली नाही, ती तिच्या घडणीमुळे, यात मला शंका नाही. त्याच काळात मुंबईत सचिन शंकर आपले बॅले युनिट चालवत होते, आचार्य पार्वतीकुमार एकीकडे ‘देख तेरी बंबई’सारखी समूहनृत्ये आणि दुसरीकडे तंजावरच्या सरफोजीराजांची मराठी निरूपणे भरतनाट्यमात बसवत होते. या सगळ्यावर मराठीत जितके लिहायला हवे होते त्याच्या दहावा हिस्साही लिहिले गेलेले नाही. नाट्यसंगीतावर आपल्याकडे कपाटे भरली आहेत.

तिसऱ्या गावचे सांगायचे राहिले.

तिथे सभागृह होते, मंच रुंद होता, विंगाही खोल होत्या. मी मनाशी म्हटले, आज पाहायला मिळणार. पण प्रयोगाआधी सत्कार होता. पाहुणे सात, हार सात, भाषणे पाच. त्यासाठी मंचभर जाड लाल गालिचा अंथरलेला. सत्कार संपला, खुर्च्या उचलल्या, गालिचा मात्र फळ्यांना खिळे ठोकून बसवलेला होता आणि तो काढायला आयोजक तयार नव्हते. कथकची नर्तकी गालिच्यावर म्हणजे तबल्यावर रजई टाकल्यासारखे. तत्कार ऐकू येत नाही. चक्कर घेतली की टाचेखाली गालिचा पिळतो.

पडदा दहा मिनिटे उशिरा उघडला. पहिल्या अंकातली ती चित्रासारखी उभी राहण्याची जागा गाळली होती, कारण वेळ गेला होता. आणि यशोधरेच्या प्रवेशात, जिथे आधीच्या दोन्ही गावी सव्वीस-सत्तावीस चकरांची माळ होती, तिथे त्या ज्येष्ठ नर्तकी खाली बसल्या. मागे मुद्रित पखवाज तसाच धावत होता, चकरांसाठी वाजवलेला. त्या फक्त बसून होत्या. बाळाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करणे, दाराकडे पाहणे, पुन्हा पांघरूण. तिला कळले आहे की तो चालला आहे, आणि तिने झोपेचे सोंग घेतले आहे. पखवाज जितका धावे तितकी ती संथ होई. मागच्या बाजूला एक मूल रडत होते, त्याची आई त्याला बाहेर नेता नेता दारातच थांबली.

मग कंथक आला आणि विंगेत झेपावला. उडी पूर्ण झाली. पण त्या दिवशी माझे तिकडे फारसे लक्ष नव्हते.

माझे परीक्षण तोवर छापून झाले होते. मी दुसरे लिहिले नाही. एकाच कृतीवर आठवड्यात दोनदा कोण छापणार, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे, की तिसऱ्या गावचा प्रयोग हा ‘कापलेला’ होता आणि तोच सर्वांत चांगला होता, हे माझ्या त्या नेमक्या वाक्यात बसत नव्हते. आता असे वाटते, की फिरत्या नृत्याचे परीक्षण एका प्रयोगावरून लिहूच नये. निदान दोन गावे तरी पाहावीत. आणि बाकी काही जमले नाही तर पडदा उघडण्याआधी मंचावर जाऊन पायातली चप्पल काढून उभे राहावे. खिळे कुठे वर आले आहेत, फळी कुठे पोकळ वाजते, हे तळपायाला लगेच कळते. नर्तक ते दुपारीच करून ठेवतात.

या पावसाळ्यात औरंगाबाद लेण्यांच्या सातव्या लेण्यात पुन्हा गेले. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, शहरापासून अर्ध्या तासावर. गाभाऱ्यात एक नर्तकी आहे, भोवती सहा वादक स्त्रिया. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. जागा इतकी अरुंद की पाहणाऱ्याला मागे सरता येत नाही. तिच्या आणि आपल्या मध्ये खुर्च्यांची रांग नाही, पडदा नाही. ती बाहेर कुठे जाणार असती तर आपल्याच अंगावरून गेली असती.

परतताना शहरातल्या त्या नाट्यगृहात डोकावले. व्यवस्थापक नवे आहेत, तरुण, अगत्याचे. मंचाची रुंदी, खोली, आसनसंख्या त्यांनी रजिस्टर न उघडता सांगितली. विंगेच्या आत किती जागा आहे, असे विचारले तेव्हा ते थांबले. मग म्हणाले, “मॅडम, हे पहिल्यांदाच कुणी विचारले. चला, बघू.” टेप मिळाली नाही. आम्ही दोघे पावलांनी मोजत गेलो. डाव्या बाजूला माझी साडेचार पावले भरली, उजव्या बाजूला जेमतेम तीन. स्विचबोर्ड अजून तिथेच आहे, आता त्याला पत्र्याचे झाकण बसवले आहे.